घरमालकिणीचं पांढरं भांडं

इंदिरानगरच्या आमच्या घरात ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात कायम दुसऱ्यांची भांडी असतात. आत्ता मी हे लिहायला बसले आहे तेव्हा तिथे समोरच्यांची खोलगट वाटी आहे, खालच्या काकूंचा झाकणाचा डबा आहे आणि एक काचेचा बाऊल आहे, जो नक्की कुणाचा यावरून आईचं आणि माझं सकाळीच वाजलं. नव्या माणसाला वाटेल, परत द्यायची विसरली असतील. पण आई विसरणाऱ्यांतली नाही. त्या भांड्यांतून शेजारून काहीतरी आलं होतं, आणि घरात काही चांगलंचुंगलं होऊन त्यांत घालून देता येईपर्यंत ती तिथेच राहणार. निफाडहून मामाने द्राक्षं पाठवली की सगळ्यांची एकदम सुटका होते आणि जिने चढण्या-उतरण्याचं काम माझ्याकडे येतं.

भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे आमच्याकडे कुणी बसवून शिकवत नाही. लहानपणीच अंगात मुरतं. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं द्यायचं नाही. एकदा मी ती साखर जिन्यातच चाटून टाकली आणि खालच्या काकूंच्या हातात लखलखीत रिकामी वाटी ठेवली. काकू हसल्या. आईने मात्र मला पुन्हा साखर देऊन खाली धाडलं आणि मी पोचेपर्यंत कठड्यावरून वाकून बघत राहिली. हे सगळं सांगायचं कारण असं, की मी शिकायला परदेशात गेले तेव्हा याच सवयीपायी पहिल्याच महिन्यात माझं बिऱ्हाड रस्त्यावर यायची वेळ आली होती.

जर्मनीतलं ते गाव लहान आणि विद्यापीठ मोठं, त्यामुळे खोल्यांसाठी नुसती मारामार. वसतिगृहात नंबर लागेपर्यंत माझं शिक्षण संपलं असतं. माझ्याच वर्गातला जळगावचा एक मुलगा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात फरशीवर झोपत होता आणि रोज सगळं सामान पाठीवर घेऊनच वर्गात येत होता, कारण संध्याकाळी तिथे परत घेतील की नाही याची त्याला खात्री नसायची. मला खोली मिळाली होती. एका वयस्कर बाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर, उतरत्या छपराखाली. बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. त्यांची अट सरळ होती. महिनाभर राहायचं, एकमेकींशी जमतंय का ते बघायचं, आणि महिनाअखेरीला त्या काय ते सांगणार. जमलं तर एका कागदावर सही देणार, की ही मुलगी माझ्या घरी राहते.

तिथे त्या कागदाशिवाय पान हलत नाही. तो दाखवून नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, मग बँकेचं खातं, मग पुढचा व्हिसा. नगरपालिकेची वेळ मला मिळाली होती ती नेमकी महिना संपल्यानंतरच्या सोमवारची. म्हणजे बाईंनी नाही म्हटलं तर त्या सोमवारी माझ्या हातात काही नसणार आणि मग एकेक दार बंद होत जाणार. मला पोचवायला नाशिकहून मुंबई विमानतळापर्यंत दोन गाड्या भरून माणसं आली होती. मामाने तर हारही आणला होता. तसं निघून असं परत जायचं म्हणजे इंदिरानगरात कुठल्या तोंडाने फिरायचं, हा विचार माझ्या डोक्यातून एक दिवस गेला नाही.

पोचले तीच हात हलवत. माझी मोठी बॅग विमान बदलताना कुठेतरी राहून गेली होती, हातातल्या पिशवीत चार कपडे काय ते होते. मोठ्या बॅगेत रवा होता, वेलची होती, आईचं घरचं तूप होतं, मामाच्या बागेतले बेदाणे होते आणि बाबांचा डबा होता. बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्टला जातात, आणि मला कळायला लागल्यापासून त्यांच्या पिशवीत तोच स्टीलचा गोल, कडीचा डबा मी पाहिला आहे. झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी त्यांचं नाव कोरलेलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी तो स्वतः माझ्या बॅगेत ठेवला. मी म्हटलं, मग तुम्ही काय न्याल. ते म्हणाले, कॅन्टीन आहे की.

पहिल्या संध्याकाळी बाईंनी दार वाजवलं. हातात फडक्यात धरलेलं चिनी मातीचं पांढरं, लांबट, निळ्या काठाचं भांडं. आत बटाट्याच्या चकत्या, वर साय आणि चीज, ओव्हनमध्ये खरपूस भाजलेलं. बाई बरंच काही बोलल्या. त्यातलं मला 'गरम' आणि 'खा' एवढंच कळलं, पण तेवढं पुरेसं होतं. मी ते अख्खं भांडं पलंगावर बसून एकटीने संपवलं. जेवताना रडले पण, ते बॅगेसाठी की घरासाठी हे काही मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी भांडं घासून पुसून टेबलावर ठेवलं होतं आणि व्हिडिओ कॉलवर आईच्या नजरेने ते बरोब्बर टिपलं. मी खोली दाखवत होते, खिडकी दाखवत होते, खिडकीतून दिसणारं चर्च दाखवत होते. आईने चर्चकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ते भांडं कुणाचं गं?"

"मालकिणीचं. काल जेवण दिलं त्यांनी."

"रिकामं नेऊन देऊ नको बरं का. परक्या मुलखात पहिलंच भांडं हाय ते. काही नसलं तर साखर घाल चिमूटभर."

आई निफाडची. शहरात इतकी वर्षं काढली, पण काळजी वाटली की तिचं 'आहे' पुन्हा 'हाय' होतं.

माझ्याकडे साखर म्हणजे विमानातून उचललेली एक कागदी पुडी होती. मी ती फोडून त्या भल्यामोठ्या भांड्यात पसरून पाहिलीही. इतकी केविलवाणी दिसत होती की बाईंना वाटलं असतं, या मुलीला भांडंही नीट धुता येत नाही. शिवाय माझ्या मनात वेगळंच होतं. बॅग येऊ दे, मग घरच्या तुपातला बेदाणे घातलेला शिरा करते आणि भांडं भरून देते. बाईंना कळू दे नाशिकची माणसं कशी असतात. विमान कंपनीवाले रोज सांगत होते, उद्या येईल. मी साखर झटकली, भांडं पुन्हा पुसलं, आणि त्या ठेंगण्या खोलीत माझं कोपर सारखं कशावर तरी आपटायचं म्हणून ते ओढणीत गुंडाळून कपाटात कपड्यांच्या मागे ठेवून दिलं. मी त्याला जपत होते, हे इथे नमूद करून ठेवते.

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या मात्र आलं नाही.

पहिले दोन-चार दिवस बाई छान होत्या. खिडक्या रोज सकाळी उघडायच्या, बूट दारात काढायचे, रविवारी आवाज करायचा नाही, सगळं त्यांनी हातवारे करून समजावलं. फ्रिजमधला एक कप्पा मला दिला. मग हळूहळू काहीतरी बिनसायला लागलं. मी गुड मॉर्निंग म्हटलं की पूर्वी त्या झोप लागली का विचारायच्या, आता नुसती मान हलायची. एकदा मी स्वयंपाकघरात पाणी घ्यायला गेले तर त्या एकामागून एक कपाटं उघडून बघत होत्या. मला पाहून थांबल्या. मी हसले, त्या हसल्या नाहीत. कधी जिन्याच्या तळाशी उभ्या राहून वर माझ्या दाराकडे बघायच्या. मी उतरायला लागले की बाजूला व्हायच्या.

माझा स्वभाव मुळात संशयी, त्यात घर टिकवायची धास्ती. मी कारणं शोधायला बसले. जळगावच्या मुलाने दिलेला मसाला घालून मी एकदा खिचडी केली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी घरातली झाडून सगळी खिडक्या-दारं उघडून ठेवली होती. त्या रोजच उघडायच्या, पण त्या दिवशी मला त्या माझ्या खिचडीला घराबाहेर काढताना दिसल्या. झालं. वासच. हिला आपला वास सहन होत नाही. त्या दिवसापासून मी शेगडीला हात लावला नाही. पाव आणि दही, पाव आणि काकडी, कधी नुसता पाव. स्वेटर हुंगून बघायचा मला नादच लागला. न्हाणीघरातला एक-एक केस वेचायचे. जिना उतरताना पायांच्या चवड्यांवर. स्वतःच्याच खोलीत मी चोरासारखी वावरत होते आणि मला मनातून बाईंचा राग येत होता, की एवढंच होतं तर बोलायचं ना तोंडाने.

मग एका दुपारी त्या हीटर कसा चालू करायचा ते दाखवायला वर आल्या. हीटरची चकती फिरवून झाली तरी गेल्या नाहीत. टेबलाकडे पाहिलं, खिडकीच्या कठड्याकडे पाहिलं, पलंगाखालीही नजर टाकली.  मला वाटलं, ही घाण शोधते आहे. त्या गेल्यावर मी खोली तीनदा पुसली. कपाटातलं भांडं जागचं हललं नाही.

त्याच आठवड्यात बॅग आली. कुलूप तुटलेलं, चाक मोडलेलं, पण तूप सलामत. आईला आनंद झाला. म्हणाली, आता कर शिरा आणि दे त्यांचं भांडं. मी हो म्हटलं. पण रवा भाजायचा म्हणजे घरभर वास, तूप कढलं की आणखी वास, त्यात वेलची. ज्या बाईने माझ्या खिचडीपायी घर उघडं टाकलं तिच्या नाकाखाली मी वेलची कुटणार होते का? मी ठरवलं, त्या बाहेर जातील तेव्हा करू. त्या बाहेर जायच्याच नाहीत. गेल्या तरी कोपऱ्यावरच्या बेकरीत, आणि लगेच परत.

आई रोज विचारायची, भांडं दिलं का. मी म्हणायचे, देते. ती म्हणायची, अगं इतके दिवस कुणी ठेवतं का, आता साखरच घालून दे. आणि मी वैतागून सांगायचे, की इतके दिवस ठेवून आता चिमूटभर साखर दिली तर ते जास्त वाईट दिसेल. हा हिशेब आमच्या कॉलनीतल्या कुणालाही पटला असता. भांडं जितकं थांबतं तितकं त्यात भारी काहीतरी जावं लागतं. पहिल्या दिवशी साखर चालते, आठवड्याने लाडू लागतात. माझ्या कपाटातल्या भांड्यात आता शिराही कमी पडेल अशी परिस्थिती आली होती.

रविवारी बाईंचा मुलगा शेजारच्या शहरातून जेवायला यायचा. त्या रविवारी खालून काहीतरी सांडून जळल्याचा वास आला, मग भांड्यांच्या आदळआपटीचा आवाज, मग मुलाचा समजावणीचा सूर. बाई बराच वेळ तक्रार करत होत्या. माझं जर्मन कच्चं, पण 'वर' आणि 'मुलगी' हे शब्द मला नीट कळले. मी पलंगावर बसून राहिले. जळगावच्या मुलाच्या पाठीवरची बॅग माझ्या डोळ्यांसमोर यायला लागली होती. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बैठकीतल्या काचेच्या कपाटाची किल्ली फिरवून काढून घेतलेली होती. आधी ती कुलपातच लटकलेली असायची. मला अपमान वाटला आणि भीतीही वाटली, आणि दोन्हींत भीती जास्त होती.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी मी ग्रंथालयातून आले तर बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, उद्या मुलगा येईल, जेवण झालं की त्याच्यासमोर खोलीचं बोलू. हळूहळू, सुटे शब्द करून बोलत होत्या, मला कळावं म्हणून. मी बरं म्हणून वळले. तेवढ्यात त्यांनी विचारलं,

"तुमच्या खोलीत माझं काही आहे का?"

त्या मला पहिल्यापासून अहो-जाहोच करायच्या. तिकडची रीतच ती. पण त्या वाक्यातलं 'तुमच्या' मला गार पाण्यासारखं लागलं. माझा पारा चढला. मी त्यांच्याकडे तोंड करून अर्ध्या जर्मनमध्ये, अर्ध्या इंग्रजीत सांगितलं, की मी कुणाच्या वस्तूला हात लावत नाही, माझ्या घरच्यांनी मला तसं वाढवलेलं नाही.  बाईंनी दोन्ही हात समोर धरून हवेत एक लांबट आकार काढला.

 कपाटं उघडून बघणं, जिन्याखाली उभं राहणं, पलंगाखालची नजर, सगळं एका क्षणात जागेवर बसलं. त्यांना माझ्या वासाचं काही देणंघेणं नव्हतं. त्या आपलं भांडं शोधत होत्या.

मी वर धावले. कपड्यांच्या मागून ओढणीचं गाठोडं काढलं. सोडताना मलाच ते कसं दिसत होतं ते कळत होतं. लपवलेली वस्तू अशीच दिसते. भांडं हातात घेऊन मी जिन्याच्या टोकाला आले आणि तिथेच थबकले. बाई खाली उभ्या होत्या, वर बघत होत्या. चार पायऱ्या उतरून त्यांच्या हातात द्यायचं, माफ करा म्हणायचं, संपलं असतं. पण माझा पाय उचलेना. आता तरी अक्कल यावी की नाही? नाही आली. इतकं सगळं होऊनही ते भांडं रिकामं खाली न्यायला माझं मन तयार होईना. मी परत खोलीत गेले, रवा, तूप, वेलची, बेदाणे सगळं त्या भांड्यात भरलं आणि खाली उतरले. बाईंच्या समोरून सरळ शेगडीपाशी गेले.

"दहा मिनिटं द्या," म्हटलं. "मग सांगते."

त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. ती विजेची शेगडी तापायला युगं लावायची आणि तापली की ऐकायची नाही.  रवा एका बाजूने लाल व्हायला लागला, मी पातेलं उचलून धरलं, पुन्हा ठेवलं. फ्रिजमधल्या माझ्या कप्प्यातलं दूध उकळून ओतलं तशी वाफ उसळली आणि वास घरभर गेला, बैठकीत, जिन्यात, सगळीकडे. मी बाईंकडे पाहिलं नाही. साखर त्यांच्याच डब्यातून घेतली, विचारून. बेदाणे टाकले, झाकण ठेवलं. मग शिरा त्या पांढऱ्या भांड्यात काढला. एवढ्या मोठ्या भांड्याचा जेमतेम तळ झाकला गेला.

दोन्ही हातांनी भांडं पुढे करून मी जमेल तसं सांगितलं. आमच्याकडे कुणी भांड्यातून खायला दिलं तर ते भांडं रिकामं परत करत नाहीत. माझी बॅग आली नव्हती. मग बॅग आली, पण तुम्हाला वासाचा त्रास होईल असं मला वाटलं. म्हणून ते माझ्याकडे राहिलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शिऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे दुसऱ्या दिवशी धुऊन परत करतात." आणि म्हणाल्या, माझ्या लहान ओव्हनमध्ये हे एकच भांडं बसतं. उद्या मुलासाठी मला ते लागणार आहे. हे काढून घ्या.

महिनाभर ज्याच्यासाठी जीव काढला ते असं झालं.  वर जाऊन बाबांचा डबा आणला आणि शिरा त्यात भरला, कडी लावली. बाईंनी पांढरं भांडं माझ्यासमोर धुतलं, पुसलं आणि ओव्हनशेजारच्या कपाटात ठेवलं. शेवटी ते रिकामंच परत गेलं. मी डबा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, हे तरी घ्या, तुमच्यासाठीच केलंय. त्यांनी झाकणावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. हे काय लिहिलंय, विचारलं. माझ्या वडिलांचं नाव, मी म्हटलं. त्यांनी बोट उचललं. डबा टेबलाच्या काठावर होता, तो आत सरकवला. 

आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबांचा डबा तिकडंच राहिला का?" मला इतका राग आला की मी फोन ठेवला. माझं घर जायची वेळ आली आहे आणि हिला डब्याची पडली आहे. नंतर आरशासमोर वेणी घालताना माझ्या लक्षात आलं, की मलाही डब्याचीच पडली होती.

रविवारी मुलगा आला. बटाट्यांचा, चीजचा खरपूस वास वर आला. मी सकाळपासून बॅग भरून ठेवली होती, मोडक्या चाकासकट. जेवण झालं की बोलावतील म्हणून धुतलेला कुडता घालून पलंगाच्या कडेला बसून होते. खाली ते दोघं बोलत होते. एकदा मुलगा मोठ्याने हसला. मी कान लावून ऐकलं, पण दार बंद होतं. मग खुर्च्या सरकल्या, कोट घातल्याचा आवाज, बाहेरचं दार, गाडी. मला कुणी बोलावलं नाही. मीही उतरले नाही. विचारायला जायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि बोलावलं नाही याचा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकला होता. जळगावच्या मुलाला मेसेज केला, की त्या स्वयंपाकघरात आणखी एकीला जागा होईल का. त्याचं उत्तर आलं, विचारून सांगतो.

सोमवारी सकाळी नगरपालिकेची वेळ होती. कागद नव्हता, तरी जायचं ठरवलं. निदान तारीख पुढची मागू. दार उघडलं तर उंबऱ्याशी बाबांचा डबा ठेवलेला होता. लखलखीत घासलेला, कडी लावलेली.

मी तो उचलला आणि माझा धीर सुटला. डबा हलका होता. त्यांना आमची रीत मी स्वतः सांगितली होती, दोन्ही हातांनी भांडं धरून. त्यानंतरही डबा असा रिकामा आला, तोही हातात न देता दारात ठेवून. यापेक्षा स्पष्ट नकार कसा देतात? मी पहिल्या पायरीवर बसले.  मग उशीर होत होता म्हणून डबा पिशवीत टाकायला आडवा केला, तर आत काहीतरी सरकलं.

कडी उघडली. डब्याच्या गोलाईला धरून वळलेला एक कागद होता. सरळ केला. वर माझं नाव, खाली घराचा पत्ता, आणि त्याखाली बाईंची सही. एका कोपऱ्याला तुपाचा डाग होता, कितीही घासलं तरी त्या कडेत तूप राहतंच.

मी धडाधड जिना उतरले, चवड्यांवर नाही. बाई मागच्या दारात उभ्या राहून पायपुसणं झटकत होत्या. मी तो कागद हातात धरून त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी पायपुसणं दोनदा आणखी झटकलं.

"तुमच्याकडे रिकामं देत नाहीत ना," त्या म्हणाल्या. "घरात गोड काही नव्हतं."